चार वाजताचा आवाज

लाल गिटारची नेक वाकडी होती. फार नाही, केसभर. कल्पिताने ती बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि बुडापासून खुंट्यांपर्यंत पुन्हा एकदा नजर नेली. बाबा असंच बघायचे.

“बेन, नवीकोरी आहे,” काउंटरमागून जिग्नेशभाई म्हणाला. “तुमच्यासमोर खोक्यातून काढली.”

“मग खोक्यातच वाकली असेल.”

“तुम्हाला गिटार पाहिजे की शिडी?”

दाराशी स्टुलावर बसलेली तिची आई, सोमी, हसली नाही. ती छताच्या पंख्याकडे बघत होती. नोव्हेंबरपासून पाड्यावरची सगळी माणसं कुठल्याही खोलीत शिरली की आधी पंख्याकडे बघायची. बंद पंखा हलताना दिसला तर बाहेर पळायचं.

डहाणू स्टेशनजवळचं हे दुकान ढोलक्यांचं, हार्मोनियमचं आणि शाळांच्या गॅदरिंगला लागणाऱ्या खुळखुळ्यांचं. बास गिटारी त्यात दोनच. ही लाल, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकलेली एक तपकिरी, कुणीतरी विकून गेलेली. त्या दोनांतून एक आजच घ्यायची होती, कारण वापीला जाऊन बघत बसायला दिवस उरले नव्हते.

कल्पिताचे बाबा, रविंद्र, लग्नाच्या वराती वाजवणाऱ्या प्रविणच्या बँडपार्टीत एकोणीस वर्षं बास वाजवत होते. ऑक्टोबरात काविळीने गेले. त्यानंतर पंधराएक दिवसांनी तलासरीकडची जमीन हलायला लागली, ती थांबेना. आधी जमिनीतून घरघर यायची, मग धक्का. डिसेंबरातल्या एका धक्क्याने बाबांची गिटार खुंटीवरून पडली आणि डोक्याशी मोडली. जमिनीची घरघर बाबांनी ऐकलीच नाही, याचं कल्पिताला मधूनच नवल वाटायचं. त्यांनी नक्की सांगितलं असतं, कुठल्या स्वरात आहे ते.

प्रविणकाका दहाव्याला आला होता, नंतर संक्रांतीला. तेव्हा कल्पितानेच विषय काढला. दहा वर्षं बाबांसमोर बसून शिकलेय, तुमच्या पार्टीची सगळी गाणी येतात.

“येतात ते माहीत आहे,” तो म्हणाला होता. “घरी बसून येणं वेगळं आणि टेम्पोवर चार तास उभं राहणं वेगळं. वरात थांबत नाही, पोरी. बास थांबला की नाचणाऱ्याचे पाय थांबतात. मी फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला येतो. अख्खा सेट वाजव, मध्ये न थांबता. जमलं तर रवीची जागा तुझी. मार्चात नरपडचं लग्न आहे, तिथून सुरुवात. नाही जमलं तर उंबरगावचा माणूस सांगून ठेवलाय.”

झेरॉक्सच्या दुकानातल्या नोकरीवर मायलेकींचं भागत होतं. प्रश्न पोटाचा नव्हता. टेम्पोच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात जनरेटरला पाठ लावून बाबा उभे राहायचे. तिथे उंबरगावचा कोणी माणूस उभा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की तिला जेवण जायचं नाही.

तिने तपकिरी गिटार उचलली. तारा गंजलेल्या, वास लोखंडाचा. नेक मात्र सरळ. नेकवरच्या पहिल्या आणि शेवटच्या धातूच्या पट्टीवर तार दाबून धरली, मधली फट बघितली. एकेक पट्टी वाजवत वर गेली. एका ठिकाणी तार किंचित खरखरली. खुंट्या पिळून पाहिल्या, घट्ट होत्या.

“पट्टा द्या जरा. उभं राहून बघते.”

“बसून वाजवा ना आरामात.”

“टेम्पोवर खुर्ची देणार आहात का तुम्ही?”

तिने पट्टा लावला, दोन्ही हात सोडले आणि दुकानातल्या दुकानात चार पावलं चालली. लाल गिटार मघाशी हात सोडल्यावर डोक्याकडून खाली झुकली होती. अशी गिटार चार तास डाव्या हाताने उचलून धरायची, मग वाजवायचं कशाने? तपकिरी तशीच आडवी राहिली. जड होती, पण राहिली.

“हीच. नव्या तारांसकट.”

“आणि पट्टा?”

“पट्टा नको घेऊस,” सोमी दाराशी बसल्या बसल्या म्हणाली. दुकानात आल्यापासून तिने उच्चारलेले पहिलेच शब्द. का, ते सांगितलं नाही. कल्पिताने वाद घातला नाही. अलीकडे आईशी कशावरच वाद घालवत नसे. जिग्नेशभाईने एक अरुंद, दोरीसारखा पट्टा फुकटात टाकला, एवढंच.

मग अ‍ॅम्प. एक लहान, टिफिनएवढा. त्यातून जाड तार वाजवली तर डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज आला. दुसरा मोठा, दहा इंची स्पीकरचा. त्याला तार लावली आणि काउंटरची काच थरथरली. आवाज पोटात लागला. बाबा म्हणायचे, बास कानाने कमी आणि पोटाने जास्त ऐकायचा.

“कुठे राहता, बेन? तलासरीकडे?” जिग्नेशभाईने काचेवर हात ठेवला. “मग कशाला पैसे घालवता? तुमच्याकडे तर जमिनीतून फुकटचा बास येतो.”

हे ऐकून ती हसली. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात प्रविणकाका होता, एकोणीस तारीख होती, आणि लहान अ‍ॅम्पवर आपल्या चुका आपल्यालाच ऐकू येणार नाहीत ही धास्ती होती. तिने मोठा घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने अ‍ॅम्प ओटीवर ठेवला, वायर लावली आणि सर्वांत जाड तार मोकळी वाजवली. एकदाच.

आधी शेजारच्या घरात भांडं पडलं. मग “हलला! हलला!” म्हणून ओरडा झाला आणि आसपासच्या पाचही घरांतून माणसं बाहेर आली. कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात कागदपत्रांची पिशवी. म्हातारी रखमी नातवाला उचलून धावताना पायरी चुकली आणि अंगणात बसली ती उठेना. घोटा मुरगळला होता.

कल्पिता गळ्यात गिटार अडकवून ओटीवर तशीच उभी. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग अ‍ॅम्पकडे.

“माझा आवाज होता,” ती म्हणाली. “रखमीआजी, माझा होता गं.”

रखमीने घोटा धरला. “तुझा बाप वाजवायचा तेव्हा आम्ही नाचायचो,” ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता हेच कल्पिताला जास्त लागलं.

त्यानंतर हेडफोन. अ‍ॅम्पला हेडफोनचं भोक होतं, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा हेडफोन तिने मालकाला विचारून आणला. आता पाडा शांत राहिला, पण भीती तिच्या एकटीच्या वाट्याला आली. कान झाकले की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. खरी घरघर आली तर? कुणी हाक मारली तर? ती दोन ओळी वाजवायची आणि हेडफोन मानेवर ओढायची. हायवेवरचा ट्रक. पुन्हा दोन ओळी. पाण्याची मोटर. एकदा तर स्वतःचंच काळीज. एका गाण्यात ती अकरा वेळा थांबली.

“मी बसते इथे,” सोमी म्हणाली. “तळवा भिंतीला लावून. काही वाटलं तर तुला हलवते.”

ती खरोखरच बसायला लागली. रोज संध्याकाळी तासभर, भिंतीला तळवा लावून. कल्पिताने मग आईच्या तळव्यावर नजर ठेवून वाजवायचं ठरवलं. थांबणं अकरावरून चारवर आलं, चारवरून दोनवर. शून्यावर काही आलं नाही.

एकोणीस तारीख मंगळवारी होती. हेडफोन लावून परीक्षा कशी घेणार? प्रविणकाकाला ऐकायचं होतं, म्हणजे अ‍ॅम्प सुरू करावा लागणार होता. सोमवारी कल्पिता घरोघर गेली. घरं नावालाच. पाड्यावरचे लोक महिनाभर रात्री अंगणात ताडपत्री टाकून झोपत होते.

“उद्या चार वाजता घरघर आवाज येईल. तो माझा. पळू नका.”

काळूदादा खाटेची दोरी आवळत होता. “आणि जमिनीनेपण चारचीच वेळ धरली तर?”

“तिला सांगा सहाला ये.”

“माझं ऐकते होय ती? माझी बायको ऐकत नाही.”

रखमीच्या पायाला अजून पट्टी होती. तिने कल्पिताचा हात धरला. “तुझा आहे ना? मग मी येऊन ऐकणार.”

आणि ती आली. एकटी नाही, सगळेच आले. फेब्रुवारी असूनही चारचं ऊन चटके देत होतं, अंगणात सावली नव्हती. म्हणून महिनाभर छपराखाली बसायला घाबरणारी ती माणसं कल्पिताच्या ओटीवर, कौलांखाली, दाटीवाटीने बसली. तिने शब्द दिला होता म्हणून बसली. कल्पिताला ते दिसलं.

प्रविणकाकाने मोबाइलवर ढोलकी लावली आणि खुर्ची ओढली. “हं. मध्ये थांबायचं नाही.”

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. आवाज फरशीतून माणसांच्या बैठकीला लागत होता. पहिल्यांदा सगळे दचकले, मग एकमेकांकडे बघून हसले. तिसऱ्या गाण्याला कुणाचं तरी पोर नाचायला लागलं. चौथ्याला प्रविणकाकाचा पाय हलायला लागला. अरुंद पट्टा खांद्यात रुतत होता, पण बोटं चुकत नव्हती. आईने नेहमीसारखा भिंतीला तळवा लावला होता, पण तिचंही लक्ष आज लेकीच्या बोटांकडे होतं.

पाचव्या गाण्यात एक जागा अशी होती की बास चार मात्रा गप्प बसतो, ढोलकी एकटी फिरते आणि मग सगळे एकदम येतात. कल्पिताने बोटं उचलली.

आवाज चालूच राहिला.

रखमी मान डोलावत होती. काळूदादा म्हणाला, “वा!” कल्पिताने तारांवर पंजा दाबला. अ‍ॅम्प गुरगुरतोय का? एक मात्रा. ही आपली भीती आहे, ट्रक आहे, मोटर आहे, आजवर किती वेळा अशीच थांबलीस. दोन मात्रा. प्रविणकाकाने बोट वर केलं होतं, पुढची उचल दाखवायला. तीन.

बाबा म्हणायचे, टेम्पोवर जनरेटर घरघरतो, पब्लिक ओरडतं, हॉर्न वाजतात. त्यात आपला आवाज कुठला ते आपल्याला कळलं पाहिजे. बाकी सगळं जमतं मग.

हा तिच्या सर्वांत जाड तारेच्याही खालचा होता.

“हा माझा नाही!” ती ओरडली. “बाहेर! हा माझा नाही!”

क्षणभर कुणी हललं नाही. तिनेच त्यांना पळू नका म्हणून सांगितलं होतं. मग सोमी उठली, एका हाताने रखमीला काखेत धरलं, दुसऱ्या हाताने दाराशी टांगलेली पिशवी ओढली, आणि तिला बघून सगळे उठले. काळूदादाने नाचणारं पोर उचललं. प्रविणकाकाची खुर्ची उलटली. शेवटची कल्पिता उतरली, गिटार गळ्यात, वायर तोडून.

धक्का बसला तेव्हा सगळे अंगणात होते. ओटीवरची कौलं आधी एक, मग पाच-सहा, मग ओंजळीने टाकावीत तशी पडली. रखमी जिथे टेकून बसली होती तिथे धूळ उडाली. मोबाइलवरची ढोलकी आत कुठेतरी चालूच होती.

माणसं मोजली. सगळी होती. रखमी उन्हात बसून कल्पिताकडे बघत राहिली, मग म्हणाली, “तुझा वेगळा आहे गं. आता कळलं.”

प्रविणकाकाने डोक्यातली धूळ झटकली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “थांबलीस,” तो म्हणाला.

“हो.”

“ती थांबली नसती तर तुझी वरात निघाली असती आता,” काळूदादा म्हणाला. “बिनबासाची.”

वीज गेली होती, अ‍ॅम्प कौलांखाली. प्रविणकाका कल्पिताला आंब्याच्या बुंध्याशी घेऊन गेला, खाली बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसला आणि गिटारच्या लाकडाला कान लावला.

“पाचव्यापासून,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत.”

तिने वाजवलं. बाकी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, नुसती बोटं हलताना दिसत होती. तरी सगळे गप्प बसून बघत होते. सातव्या गाण्यात ती दोनदा चुकली, पण थांबली नाही. शेवटचा स्वर विझेपर्यंत प्रविणकाकाने कान काढला नाही. उठला तेव्हा त्याच्या गालावर गिटारच्या कडेची लाल रेघ उमटली होती.

“सातवं बसवून घे,” तो म्हणाला. “नरपडला टेम्पो सकाळी सहाला निघेल, हायवेवर उभी राहा. उंबरगावला मी फोन करतो.” मग तिच्या खांद्यावरचा वळ त्याला दिसला. “आणि हा पट्टा फेकून दे. चार तासांत खांदा उतरेल तुझा.”

सोमीने पिशवी उघडली. घर सोडून पळायचं तर बरोबर काय न्यायचं, ते प्रत्येकाने अशा पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. तिने रेशनकार्ड काढलं, बँकेचं पासबुक काढलं, आधार कार्डं काढली आणि तळातून एक रुंद काळी गुंडाळी काढली. जुन्या जीपच्या सीटबेल्टचा पट्टा, दोन्ही टोकांना चामडं शिवलेला. बाबांच्या गिटारसाठी तिनेच शिवला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी.

कल्पिता तो पट्टा लावून उभी राहिली. गिटार फार खाली आली, गुडघ्यांकडे. बाबा उंच होते. बकल होतं त्या जागी पट्टा झिजून पांढरा पडला होता.

“वर घे की,” सोमी म्हणाली. “बघतेस काय?”

तिने बकल चार बोटं वर सरकवलं. जमीन पुन्हा एकदा किंचित थरथरली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ती थांबली.