नऊ किलोमीटर शिल्लक

शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, एका चार्जिंगला तीनशे नव्वद."

मी गणिताचा मास्तर. पंचवीस वर्षं पोरांची चोरून लिहिलेली उत्तरं पकडत आलोय. म्हटलं, "कागदावरचं सांगू नकोस. मे महिना, चार माणसं, एसी चालू आणि करंजीचा घाट. आता बोल." तो हसला आणि त्याने चहा मागवला.

मला गाडी मिरवायची नव्हती. माझ्या आईच्या, छबूबाईच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार नगरला डायलिसिस. आमचं गाव शेवगावच्या पुढे, म्हणजे जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर. एसटीत तिचे हाल बघवत नव्हते आणि भाड्याचा जीपवाला ऐनवेळी फोन उचलत नसे. बॅटरीची गाडी घरच्या घरी भरता येते, आणि आईला वाकून बसणं जमत नव्हतं म्हणून उंच हवी होती.

महिनाभर मी नगरमध्ये अशा गाड्या वापरणाऱ्यांना गाठून छळलं. शेवटी ट्रायलची गाडी मागून घेतली. आई, माझी बायको दिपाली आणि मागे ज्वारीचं पोतं घालून घाट उतरलो, पुन्हा चढलो. आकडा आला दोनशे पंधरा. एकशे साठ वजा जाता पंचावन्न शिल्लक. घेऊन टाकली.

आमच्या गावात दारात नवी गाडी आली की ती एकट्याची राहत नाही, हे मात्र मी मोजलं नव्हतं. दीड महिन्यात माझा चुलतभाऊ गहिनीनाथ दारात आला. रविवारी त्याच्या सुनीलचं लग्न होतं.

"भाऊ, नवरदेवाला तुमचीच गाडी पायजे. आपल्या घरात आसताना दुसऱ्याची कशाला?"

मी म्हणालो, सोमवारी आईला न्यायचंय. आईने आतूनच मला झापलं. "दे की रं ज्ञानू. गाडी दारात ठिवून काय लोणचं घालायचंय?"

मी दिली. नाही म्हणालो असतो तर भावकीने जन्मभर काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर, फुलांनी सजलेली माझी गाडी बघायला मलाही आवडणार होतं.

रविवारी सुनीलचा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढे बँड, मागे नाचणारी पोरं. नवरदेवाला घाम येऊ नये म्हणून गाडी पाच तास एसी लावून मुंगीच्या पावलांनी चालली होती. मग करवल्यांना आणायला शेवगाव, विसरलेला बस्ता आणायला पुन्हा शेवगाव. जेवणात कुणीतरी आईला आग्रह करून दोन ग्लास मठ्ठा पाजला. तिला पाणीसुद्धा मापून द्यायचं असतं. संध्याकाळी गाडी आली ती पंधरा टक्क्यांवर. लगेच चार्जिंगला लावली. दोन-अडीच तासांत गावची डीपी जळाली आणि वीज गेली.

सोमवारी सकाळी आईला धाप लागलेली, पाय सुजलेले. गाडीत चाळीस टक्के होते.

दिपाली म्हणाली, "अहो, एकशे आठला फोन लावा. ऑक्सिजन तरी असतो त्यांच्याकडं."

मी मनात गुणाकार केला. दोनशे पंधराचे चाळीस टक्के, शहाऐंशी. नगर ऐंशी. "बसतंय गणित," मी म्हणालो. "शिवाय घाटाच्या अलीकडे हॉटेलवर चार्जर आहे. ती गाडी येऊस्तोवर आपण निम्म्या वाटेत असू."

हॉटेलवर पोचलो तर चार्जरचा पडदा काळा. मालक म्हणाला, "चार दिस झालं बंद हाय, गुरुजी." गाडी चाळीस किलोमीटर दाखवत होती. नगर अडतीस होतं, आणि समोर घाटाची चढण. चढणीला गाडी किती खाते ते मला तोंडपाठ होतं.

मी एसी बंद केला. काचा खाली घेतल्या आणि वेग चाळीसवर आणला. मेमधला वारा तो, चुलीपुढचा. दिपालीने आईला मागे टेकवून बसवलं होतं आणि पदराने वारा घालत होती.

"ज्ञानू," आई म्हणाली, "ते गार वारं लाव की."

"आई, घाट चढू दे. मग लावतो."

घाट चढलो. आकडा एकवीस. नगर अजून सव्वीस. चढणीमुळे गाडी आकडा कमी दाखवते, सपाटीला तो भरून निघेल असं मी धरलं होतं.

"लाव रं बाबा. जीव घाबरा व्हतोय."

"दहा किलोमीटर कळ काढ, आई."

दिपाली ओरडली, "लावा ना अहो! बंद पडली तर पडू द्या!" मी तिच्यावर खेकसलो. रस्त्यात बंद पडली तर काय करायचं, तू ढकलणार का, असं काहीतरी बोललो. आईने त्यानंतर काही मागितलं नाही. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या अलीकडे दिपाली तिला हाका मारायला लागली. मी आकड्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

दवाखान्यात स्ट्रेचरवर घेताना डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मान हलवली. गाडी लावायला परत आलो तेव्हा पडद्यावर आकडा होता नऊ. माझं गणित बरोबर आलं होतं. नऊ किलोमीटर उरले होते आणि मी माझ्या आईला उकाड्यात मारलं होतं. मी एसी लावला, काचा वर केल्या आणि गाडी बंद पडेपर्यंत आत बसून राहिलो.

तेराव्यानंतर चार दिवसांनी गहिनीनाथ आला. ओसरीवर टेकला. मग म्हणाला, "भाऊ, सूनबाई म्हायेरी हाय, तिला आनायचीय. उनाचं येष्टीनं कुठं... आन् आता काय, काकू गेली. गाडी उभीच आसती."

दिपाली आत निघून गेली. गाडीत शंभर टक्के होते. सवयीने मी रोज भरत होतो.

मी चावी दिली.

"जपून नेतो, भाऊ. लई बॅटरी खानार न्हाई."

"खाऊ दे," मी म्हणालो. "फक्त तिने मागितला तर एसी बंद ठेवू नकोस."