पाळण्याची कडी

निर्मलाने खंडोबाच्या टाकावर पाण्याची धार धरली आणि ओट्यावर चपला वाजल्या. तिने मान वर केली नाही. आंघोळीपासून आरती होईपर्यंत देवाच्या शब्दांशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम होता.

"मंडळी पूजेत हाये," मच्छिंद्र, तिचा नवरा, दबकत म्हणाला. "बसा आण्णा. बसा साहेब."

"असू दे, असू दे. देवाचं आधी."

सावळेराम आण्णा जत्रा कमिटीचे अध्यक्ष. ते घोंगडीवर ऐसपैस बसले. त्यांच्यासोबत आलेल्या हवालदाराने गुडघ्यावर फाईल उघडली. घर एकखणी, देव्हारा, चूल आणि स्नेहलची खाट सगळं एकाच नजरेत येत होतं. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घातलेली सात वर्षांची स्नेहल छताकडे बघत पडली होती.

"नुसती सही हाये रे," आण्णा म्हणाले. "पाळण्याची परवानगी कमिटीच्या नावावर हाये. उद्या केस झाली तर गावातली अकरा माणसं घोडेगावला तारखा करत बसतील. आपल्याच देवाची जत्रा आपणच कोर्टात न्यायची का?"

हवालदाराने जबाब वाचायला घेतला.

"'दिनांक ११ एप्रिल १९९८ रोजी माझी मुलगी स्नेहल आकाशपाळण्यात बसली असता, मी नको म्हणत असतानाही ती उभी राहिली व तोल जाऊन खाली पडली. पाळण्याची कडी लोखंडी असून नीट लावलेली होती. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली वहिनींनी सही करायची."

टाक पुसणारा निर्मलाचा हात जोरात फिरू लागला. तिने खालून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्नेहल घाबरून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि डबा खाली येता येता कडी उघडली होती.

"उभी न्हवती ती, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "मागंबी सांगितलं मी."

"तू व्हतास का तिथं? तू टेम्पो घेऊन आळेफाट्याला," आण्णा हसले. "बायामाणसांचं ध्यान दुकानांकडं असतं. पोर काय करतं, कुणाला दिसतं?"

निर्मलाच्या हातातला टाक ताम्हणात आपटला.

"मी उभी न्हवते राहिले," खाटेवरून आवाज आला. "आन् कडी लागतच न्हवती. खिळा पडला व्हता तिचा. पाळणेवाला नको म्हणत व्हता, तर ह्या आण्णांनीच दोरा बांधला. नारळ फोडायच्या ताटातला, लाल-पिवळा. म्हणले, आळेफाट्यावरनं खिळा येईल उद्या, चालव तू. मी त्योच धरून बसले व्हते."

"लई टीव्ही बघती राव पोरगी!" आण्णा म्हणाले.

निर्मलाचा हात थांबला.

दवाखान्यात सिस्टरने स्नेहलची मूठ उघडली, तेव्हा आत लाल-पिवळा दोरा निघाला होता. सिस्टर तो टाकून देत होती. निर्मलाने मागून घेतला आणि कपाळाला लावला. एवढ्या उंचावरून पोर पडलं, मांडी मोडली पण डोकं वाचलं. देवानेच हाताला धरलं, असं तिला वाटलं. तेव्हापासून तो दोरा देवाच्या पायाशी होता. रोज आधी त्याला हळद-कुंकू, मग त्यावरचा भंडारा चिमटीत घेऊन स्नेहलच्या प्लास्टरला.

तिने दोरा उचलून उजेडात धरला. मधेच कुठेतरी तुटून त्याचे धागे सुटले होते. गाठ मात्र पक्की होती, कुंकवाने माखलेली.

"बघा साहेब, वहिनी एक शब्द बोलल्या का?" आण्णांचा आवाज मोकळा झाला. "म्हंजे त्यांची हरकत न्हाई. काढा शाईचं पॅड, सही न्हाई तर अंगठा घेऊ."

निर्मलाचे ओठ उघडले. पुन्हा मिटले. तिने फुलवात लावली, घंटा उचलली आणि आरती सुरू केली.

तिचा आवाज एरवी शेजारच्या घरातही जात नसे. आज ती घंटा अशी वाजवत होती की स्नेहलने कानांवर हात ठेवले. आरती चालली म्हणून पुरुषांना उठावं लागलं. आण्णा टोपी सारखी करून टाळ्या वाजवू लागले. एक आरती संपली. तिने दुसरी धरली, मग तिसरी. एकही कडवं गाळलं नाही. हवालदाराने दोनदा घड्याळ पाहिलं.

मग आरतीचं तबक घेऊन ती आली. आधी स्नेहलला दिली, मग मच्छिंद्रला. मग हवालदारापुढे तबक धरलं. शेवटी आण्णांसमोर.

आण्णांनी दोन्ही तळवे ज्योतीवरून फिरवले, डोळे मिटून ते तोंडाकडे नेले आणि डोळे उघडले. तबकात निरांजनाशेजारी दोरा होता.

"अकरा दिवस पूजा केली मी ह्याची," निर्मला म्हणाली. तिचा तो त्या दिवसातला पहिला शब्द, नेहमीसारखाच हळू. "देवाचा म्हणून. गाठ तुमची हाये, आण्णा. वळखा."

हवालदाराने तबकात डोकावून पाहिलं. फाईल पुन्हा गुडघ्यावर घेऊन तो बसला आणि 'लोखंडी' या शब्दावर त्याने रेघ मारली.

"काय लिहू इथं, वहिनी?"

"दोरा लिहा," ती म्हणाली. "आन् बांधला कुणी, तेबी."

आण्णांनी आरतीची ऊब घ्यायला नेलेले हात चेहऱ्यावरून अजून खाली घेतले नव्हते.