बावड्याच्या बाजेवरचा सर्व्हे

सन दोन हजार चोवीस, चैत्राचं ऊन. लोकसभेचा प्रचार रंगात आलेला. मी बावड्याच्या आबाजींच्या अंगणातली बाज बोलतेय. पाय बाभळीचे, वीण सुंभाची. तीन पिढ्या पेलल्या. तक्रार केली नाही.

घरात लोखंडी पलंग आला, तेव्हा आबाजी मला फोडून बंबात घालणार होते. त्यांची बायको प्रयागबाई कुऱ्हाडीपुढं उभी राहिली. नवा सुंभ आणून तिनं मला स्वतः विणलं. ते देणं माझ्याकडं राहिलं होतं.

त्या दिवशी इंदापूरची योगिनी मोबाइल घेऊन दारात आली. निवडणुकीचा सर्व्हे करत होती. माझ्या कडेला टेकली.

"सगळा देश फिरता व्हय?" आबाजींनी विचारलं.

"नाही आबा. तेवढा खर्च कंपनीला झेपत नाही. जिथला निकाल आधीच कळतो, ती राज्यं सोडतात. चुरस आहे तिथंच माणसं पाठवतात. म्हणून महाराष्ट्र घेतला."

"बराबर हाय. एकतर्फी कुस्ती बघाया कोण थांबतंय?"

घरातल्या एकालाच विचारायचं होतं. ज्याचा वाढदिवस आधी येईल त्याला, असा कंपनीचा नियम.

"माझा एक जून," आबाजी म्हणाले.

"माझा बी एक जूनच," प्रयागबाई म्हणाली.

शाळेत मास्तरांनी निम्म्या गावाला तीच तारीख लावली होती. योगिनी मोबाइलमध्ये अशा बरोबरीचा नियम शोधू लागली.

"माझंच लिव्ह. हिचं मत मला ठाव हाय."

प्रयागबाईनं पदर खोचला. "लगीन झाल्यापासनं मत देतीया. माझ्या मनात काय हाय, आजवर कुणी इचारलं न्हाय. तुमी बी न्हाय." मग योगिनीकडं वळली. "पोरी, ठाव असतंय तितं तुमी जात न्हाय ना? मग ह्यांला कशाला इचारतीस? ह्यांचं मत चावडीवरच्या कुत्र्याला बी पाठ हाय. चुरस माझ्यात हाय!"

योगिनीला हसू आवरेना. आबाजी चिडले. "लिव्ह गं पोरी, मी सांगतो," म्हणत धपकन माझ्यावर बसले.

मी पायथ्याची दोरी सोडली.

आबाजी मधोमध खचले. गुडघे हनुवटीला लागले, टोपी नाकावर आली.

"लागलं का, आबा?"

"न्हाय. काढा मला!"

"बसा की जरा गारव्याला," प्रयागबाई म्हणाली.

योगिनी तिच्यापुढं जाऊन बसली. "मावशी, पहिला प्रश्न."

प्रयागबाईनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आबाजींनी ती माझ्यात बसून ऐकली.

माझं देणं फिटलं.