मोबाइल-संयम व्रत

चातुर्मासाच्या पहिल्याच दिवशी आमच्या समाजमंडळाने बावीस मुलांना राजघाटाच्या पायरीवर बसवलं आणि ओंजळीत तापीचं पाणी देऊन संकल्प सोडायला लावला. शाळेच्या कामाचा अर्धा तास सोडला तर चार महिने मोबाइलला हात लावायचा नाही. संकल्प सांगत होते आमचे हे, मंडळाचे सचिव. एका हातात माइक, दुसऱ्या हातात मोबाइल, कारण सगळा कार्यक्रम लाइव्ह चालू होता. गुरुजी दोनदा म्हणाले, "सचिव साहेब, आचमनापुरता तरी एक हात मोकळा करा."

मी सोमवार करते, चतुर्थी करते. देवाने मला अजून फोटो मागितलेला नाही. यांनी मात्र ग्रुप काढला आणि नियम केला की रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या मुलाचा अभ्यास करतानाचा फोटो टाकायचा. खाली नाव, वर्ग, शाळा, ट्यूशनची वेळ. ग्रुपची लिंक आमच्या गावच्या लालबागेतल्या मोठ्या बॅनरवर छापली. "पूर्ण जिल्ह्याला प्रेरणा मिळायला पाहिजे," हे म्हणाले. मिळाली. पंधरा दिवसांत सहाशे माणसं जमली. कोण कुठला, कुणालाच ठाऊक नाही, पण सकाळी सगळे हात जोडलेलं चित्र पाठवायचे, म्हणजे सज्जनच असणार.

आमची भूमिका सातवीत आहे. शाळेचं काम यायला तिच्याकडे माझा जुना फोन होता. तोही नंबर यांनी ग्रुपवरच्या नोंदणीत लिहून टाकला. फोटोसाठी तिला तीन-तीनदा बसवायचे.

"मान खाली कर. पुस्तक सरळ धर. आता थोडं हस."

"बाबा, अभ्यास करताना कोण हसतं?"

"संस्कारी मुलं हसतात."

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी माझी पूजा झाली. मी प्रसाद पुढे केला तर पोरीने हात मागे घेतला.

"मला नको मम्मी."

"का गं? पोट दुखतं का?"

"माझं व्रत मोडलंय. मी कसा घेऊ?" आणि रडायला लागली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. एका संध्याकाळी शाळेचं काम झाल्यावर तिने दहा मिनिटं गेम खेळला होता. तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. फोटोच्या जागी बाळकृष्ण. 'व्रत है ना? फिर ऑनलाइन कैसे? पापा को बता दूँ?' मग म्हणे नाही सांगणार, पण एक फोटो पाठव, फक्त मला. तिने शाळेच्या ड्रेसमधला पाठवला. आता त्याला तसला नको होता, दुसरा हवा होता. नाहीतर मंगळवारी साडेपाचला ट्यूशनच्या गेटवर भेट. वेळ बरोबर होती, गेटही बरोबर होतं.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"मला का नाही सांगितलं, बाई?"

"तू एवढे उपास करते. तुला काय सांगू, माझ्याने दहा मिनिटंही नाही निभलं?"

हे मला लागलं. खोटं नाही सांगत, त्या माणसाइतकाच मला माझाही राग आला. मी म्हटलं, "मोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचं. एवढंच असतं." आणि प्रसाद माझ्या हाताने भरवला. मग त्याचा एकेक मेसेज माझ्या फोनवर उतरवून घेतला. खोडलं काही नाही, उत्तरही दिलं नाही.

दुपारी हे दुकानातून जेवायला आले. मी मुलीच्या समोरच सांगितलं. बाबांना सांगेन, एवढीच त्या माणसाची ताकद होती. ती आधी काढून घ्यायची होती.

यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे हिने व्रत मोडलं?"

दुसरा, "ग्रुपवर कुणाला समजलं तर नाही?"

"अहो, तो उद्या गेटवर येतो म्हणतोय. ग्रुप बंद करा. आणि पोलिसांत चला."

"अगं, मंडळाची बदनामी होईल! रविवारी माझा सत्कार आहे. ते मेसेज डिलीट करून टाक. सत्कार होऊन जाऊ दे, मग बघू."

"बरं," मी म्हटलं. "मग रविवारी मलाही माइक द्या. आई म्हणून दोन शब्द बोलते."

माझा आवाज चढत नाही, हे यांना माहीत आहे. बोलले ते करते, हेही माहीत आहे. पोळी ताटात तशीच ठेवून हे उठले, आणि पाच मिनिटांत ग्रुप बंद झाला. सहाशे मोबाइलमध्ये पोचलेले बावीस मुलांचे फोटो मात्र आता कुणाचा बाप परत आणणार नव्हता.

आम्ही तिघं तसेच ठाण्यात गेलो. टेबलामागे एक पोलीस बाई होत्या. त्यांनी भूमिकाला पाणी दिलं, शेजारी बसवलं, घाई न करता विचारलं. तिने सगळं सांगितलं, एकदाही माझ्याकडे न बघता. मेसेज वाचून बाईंनी मान वर केली.

"इसको ट्यूशन का टाइम कैसे पता?"

"ग्रुपमधून," भूमिका म्हणाली.

"ग्रुप में किसने डाला?"

पोरगी फरशीकडे बघायला लागली.

"समाजाने," हे म्हणाले. "म्हणजे समाज का उपक्रम है, मॅडम. संस्कार के लिए."

"समाज का नाम मैं कहाँ लिखूँ? एडमिन का नाम बोलिए."

हे भिंतीवरची सूचना वाचायला लागले. मुलांना ऑनलाइन सुरक्षित कसं ठेवावं, अशीच काहीतरी होती. फार मन लावून वाचत होते.

लग्नाला पंधरा वर्षं झाली. यांचं नाव मी हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी गॅसच्या कागदावरसुद्धा भूमिकाच नाव सांगते. त्या दिवशी तिच्या तोंडून ते वदवायचं नव्हतं.

"लिखिए मॅडम," मी म्हटलं. "गजानन निंबा महाजन."

बाईंचं पेन जरा अडखळलं, म्हणून मी हळू आवाजात पुन्हा एकदा सांगितलं.