मला न सांगितलेली वाट

मित्रांनो, प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरमागे भिंतीला टांगलेला मी जुना राउटर. संगणकांचे निरोप मी पत्ता पाहून योग्य तारेत सोडतो. वाटा मात्र मला आपोआप उमगत नाहीत, कोणीतरी हाताने लिहून द्याव्या लागतात. दिलेली वाट मी कधी विसरलो नाही. 'आपला राउटर गुणी आहे हं,' असं डॉक्टरीणबाई पूर्वी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग रस्त्यापलीकडे नवी लॅब झाली आणि तिथे नवा राउटर आला. त्याला काचेचं कपाट आणि स्वतंत्र पंखा! माझ्या डोक्यावर मात्र कुत्र्यांचे पट्टे लटकत. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

वाटा लिहायला डॉक्टरीणबाईंचे धाकटे दीर आले. लॅबचे निरोप औषधकोठीतल्या राउटरकडून माझ्याकडे येणार होते. त्यांनी नव्याला वाट सांगितली, कोठीतल्यालाही सांगितली आणि चहाला गेले.

थोड्याच वेळात लॅबमधून हाक आली. मी ती डॉक्टरीणबाईंच्या संगणकापर्यंत पोचवली. संगणकाने उत्तर दिलं, पण लॅब कुठे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! उत्तर माझ्यापाशीच संपलं. उत्तर नाही म्हणून लॅब रिपोर्ट पाठवेना.

"वहिनी, हा म्हातारा झालाय. भंगारात देऊन टाकू."

माझे दिवे लुकलुकत राहिले. मला बोलता येत असतं तर!

"अहो भावजी, सकाळपर्यंत तर धडधाकट होता. नवा आला आणि हा लगेच बिघडला? नीट बघा. कुत्रं टेबलावर आहे, रिपोर्टशिवाय मी हात लावणार नाही."

दिरांनी माझ्यातल्या वाटा उघडल्या आणि जीभ चावली. "अरेच्चा! याला लॅबची वाट सांगायचीच राहिली की!"

त्यांनी एक ओळ लिहिली. रिपोर्ट क्षणात आला.

"नवा भलताच चपळ आहे हो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. आजही होते. तरी नव्याकडे जाणारं प्रत्येक उत्तर मीच पुढे देतो, आणि हेव्यापायी एकही वाटेत सांडलेलं नाही. नव्याचं कौतुक खुशाल करा. फक्त जुन्याला टाकाऊ म्हणण्याआधी, त्याला सांगायचं ते आपण सांगितलं होतं का, एवढं बघा.