राणीची विनवणी

नाटक जुनं. पहाऱ्यावर डुलकी लागलेल्या शिपायाला न्यायाधीश देहदंड सुनावतो आणि राणी त्याच्यासाठी पदर पसरते. राणीचं काम करणारी नटी त्या एका प्रवेशात अख्खं थिएटर रडवायची.

त्या रविवारी मात्र न्यायाधीशानं शिक्का मारायला हात पुढे केला, तर मेजावर राजमुद्राच नाही! बिचाऱ्यानं इकडेतिकडे चाचपडून शेवटी कागदावर मूठच आपटली. लोक खो खो हसले. राणीचं भाषण पाण्यात गेलं.

पडदा पडताच दिग्दर्शक सामानवाल्या काकांवर तुटून पडले. सव्वीस वर्षं काका मंचावरची एकेक वस्तू जिवापाड सांभाळत आले होते.

"वस्तू चुकली की माणूस बाहेर. नियम म्हणजे नियम!"

भिंतीपलीकडे नटी तोंडावरचा रंग पुसत होती. कापसासाठी तिनं खण उघडला. राजमुद्रा आत होती. दुपारी तालमीसाठी तिनंच उचलून आणली होती. दार चार पावलांवर होतं. तिनं खण हळूच लोटला. उद्या सांगू, शांतपणे.

तो उद्या उजाडायला गुरुवार लागला. शेवटी तिनं मुद्रा दिग्दर्शकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"आता मलाही काढा," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? शनिवारी राणी कोण होणार, मी?" ते हसले. "होतं असं कधीकधी. काकांना बोलवा हवं तर. पण चारचौघांत वाच्यता नको."

ती तशीच काकांच्या घरी गेली. काका ओट्याशी भाजी निवडत बसले होते. तिनं कसंबसं तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "ठाऊक आहे. तुम्ही नेलीत तेव्हा मी पाहिलं होतं. परत ठेवली असेल असं वाटलं. मेजावर पुन्हा नजर टाकायला हवी होती, तेवढी माझीही चूक."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. किल्ल्या देऊन झाल्यावरही जरा रेंगाळलो दाराशी."

तिला रडू फुटलं. "परत चला ना."

"राग नाही हो तुमच्यावर," काका देठ खुडत म्हणाले. "पण आता त्या दारातून आत यायला पाय उचलणार नाहीत माझे."

शनिवारी थिएटर खचाखच भरलं होतं. "चुकला असेल, पण माणूस आहे तो!" ती न्यायाधीशापुढे कळवळून म्हणाली आणि बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. शेवटी दिग्दर्शकांनी तिला हाताला धरून पुढे आणलं. टाळ्या थांबेनात. तिनं मान काही वर केली नाही.

"केवढी नम्र बाई!" पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालं.