भारताकडून प्राची घरत

माझा क्लास नवीन पनवेलला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालतो आणि माझं तोंड पनवेलभर चालतं. ताल चुकला की मी कुणाचं ऐकून घेत नाही, मग समोर डॉक्टरची मुलगी असो नाही तर बिल्डरचा नातू. प्राची घरतला मात्र चार वर्षांत मी दोनदाच रागावले असेन. कोन गावातून वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून यायची. तिच्या इयत्तेत सगळ्यांत बुटकी, पण आवाज असा की चूक काढायला म्हणून कान द्यावा आणि ऐकतच बसावं.

तिच्यासाठी मी एक गाणं बांधलं होतं, खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणाऱ्या निवटी माशाचं. मुलांच्या एका आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेसाठी देशभरातून गाणी मागवली होती. प्रत्येक देशाचं एकच गाणं आणि एकच गायक. झालं तर झालं म्हणून मी ते पाठवून दिलं. ऑगस्टमध्ये मुंबईहून संयोजकांचा फोन आला की नोव्हेंबरात लिस्बनला भारताकडून हेच गाणं आणि हीच मुलगी. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. संयोजकांनी जन्मदाखला मागितला. अंतिम फेरीच्या दिवशी गायकाला चौदा वर्षं पूर्ण झालेली चालणार नव्हती. प्राचीचे वडील जगन यांनी झेरॉक्स आणून दिली, त्यावर तारीख तीन ऑक्टोबर दोन हजार अकरा. म्हणजे लिस्बनच्या आधीच ती चौदाची होणार होती. अकरा-बारा वर्षांची दिसणारी पोर! यात काहीतरी घोळ आहे असं ठरवून, त्या घरादाराला फैलावर घ्यायला मी रविवारी कोनला गेले.

जगन जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतात. त्या दिवशी घरी होते. प्राचीची आई भामा ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी दाखल्याचं नाव काढताच जगननी प्राचीला दुकानात पिटाळलं, भामाला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

दाखला प्राचीचाच होता, पण या प्राचीचा नव्हता. यांची पहिली मुलगी चौदा महिन्यांची असताना तापाने गेली, दवाखान्यात पोचायच्या आत. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, म्हणून शेताच्या बांधाशी पुरलं. नोंद करायचं कुणाला सुचलं नाही. भामाला तेव्हा सातवा महिना होता. दोन महिन्यांनी माहेरी, द्रोणागिरीजवळ, दवाखान्याची गाडी यायच्या आतच दुसरी मुलगी झाली. भामाने तिला उचललं आणि म्हणाली, आली परत. मग नाव तेच राहिलं, झबली तीच आणि दाखलाही तोच. सासूने वाटेवर आणायचा प्रयत्न केला, जगननी केला, पुढे सगळ्यांनी सोडून दिला. पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

हे ऐकून मला काय वाटायला हवं होतं? मला वाटलं ते हे, की चला, खरं वय पावणेतेरा, नियमात बसतंय. मी भराभरा सांगून मोकळी झाले. पहिलीच्या मृत्यूची नोंद करायची, दुसरीच्या जन्माची करायची, प्रतिज्ञापत्र द्यायचं, प्रांत ऑफिसचा आदेश आणायचा आणि त्यावर आईची सही.



"माजी पोर येकच हाय, म्याडम," भामा म्हणाली. "गेली आन परत आली. ती मेली म्हनून मी सही कशी करू?"

"नुसता कागद आहे, भामाताई. कागदाने कुणी मरत नाही."

मी तिथे तीनदा गेले. दर वेळी नवा युक्तिवाद, नवा पेढ्यांचा पुडा. कृष्णकांत, माझा नवरा, म्हणाला, कुमुद, दुसऱ्याच्या दुखण्यात आपली पेटी वाजवू नकोस. मी त्याला म्हटलं, तुला गाण्यातलं काय कळतं. शेवटी मी जगनना गाठलं आणि सांगितलं की पोरीला खरं सांगा, आई तिचं नक्की ऐकेल. ही अक्कल माझीच. त्यांनी क्लासला येताना वाटेत स्कूटर थांबवून सांगितलं असावं. प्राची आत आली ती चप्पल न काढताच.

"मॅडम, मग माझा वाढदिवस कधी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुझी मज्जा आहे बाई, आता दोन केक काप. ती हसली, कारण मोठ्या माणसाने विनोद केला की हसायचं असतं. त्या वाक्यासाठी मला कुणी मुस्कटात मारायला हवी होती.

प्राचीने आईला विचारलं आणि भामा तयार झाली. ऑफिसात टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते आणि दोन्हींवर नाव एकच होतं, प्राची जगन घरत. त्यातला गेलेलीचा कुठला, असं भामाने विचारलं. जगननी बोट ठेवलं. भामाने त्या कागदावरून तळहात फिरवला आणि मग सही केली. दुसऱ्यावर सही करताना तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच रात्रीपासून ती रडायला लागली. तेरा वर्षांपूर्वी न रडलेलं सगळं. जिथे पुरलं होतं ती जमीन कधीच विकली गेली होती आणि तिथे गोदाम उभं होतं. वॉचमन आत सोडेना, म्हणून भामा रोज सकाळी गेटबाहेर दूधभात ठेवून यायची. पहिल्या दिवशी प्राची तिच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी भामाने तिला उंबऱ्यातच थांबवलं आणि म्हणाली, "तू कशाला? तुजी ती कोन?" नावाने हाक मारणंही तिने बंद केलं. घरात हाक आली तर "पोरी" अशी यायची.

हे मला जगननी तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, होईल हळूहळू सगळं ठीक. माझ्या डोक्यात पासपोर्ट होता, परकर-पोलक्याचं माप होतं आणि अंतऱ्यातली एक तान होती. मला ऐकायचंच नव्हतं, हे आज कबूल करते.

लिस्बनला सोळा देश होते. निवेदिकेने "भारताकडून प्राची घरत" असं पुकारलं. पोर एका सुरात चुकली नाही. गाणं खट्याळ होतं, पण तिच्या चेहऱ्यावर एकदाही हसू आलं नाही, आणि परीक्षकांना त्यातच काहीतरी खोल दिसलं. आमचा सहावा नंबर आला. कोन फाट्यावर बॅनर लागला. त्यावर तिच्यापेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे होते. डीजे वाजला, हार पडले. भामा मंडपात आली आणि चार बायकांत बसून टाळ्या वाजवून गेली.

पुढच्या गुरुवारी प्राची क्लासला आली. तंबोरा लावून दिला तरी तोंड उघडेना. मी सवयीने फटकारलं, सहावा नंबर डोक्यात गेला वाटतं.

"काल आई मला वाढत होती," ती म्हणाली. "ताटाभोवती रांगोळी काढली होती. भाकरी वाढून म्हणाली, जेव बाय, लाजू नको, आपलंच घर समज."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सतरंजीकडेच पाहत राहिली.

"मॅडम, ते कागद परत देता येतात का?"

नाही येत, असं मी तिला सांगितलं.